चिकूचा देश, झरीची जाग

डहाणू रोड सोडले की पुढचे स्टेशन घोलवड. तिथून बोर्डीपर्यंत समुद्राच्या कडेने चिकूच्या वाड्या लागतात. काळपट हिरव्या, गच्च पानांच्या झाडांखाली भर उन्हाळ्यातही सावली असते. २०१६ साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या फळाच्या नावाला इतक्या अधिकाराने आपल्या गावाचे नाव जोडले गेले, ते झाड मात्र मूळचे इथले नाही. दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांतून निघून ते जगभर फिरत आपल्या किनाऱ्यावर आले. मेक्सिकोत त्याला चिकोसापोते म्हणतात. मराठीत झाडाच्या पांढऱ्या रसाला चीक म्हणतात आणि कच्च्या चिकूत तो भरपूर असतो, म्हणून नावही इथलेच वाटते. पण तो निव्वळ योगायोग आहे. मजा अशी की तिकडेही त्या रसाचे नाव जवळपास तसेच, चिक्ले. चघळायचा गोंद, म्हणजे च्युइंगगम, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः याच चिकापासून बनत असे.

हा चीक गोळा करणारे मजूर पावसाळ्यात रानात शिरत, झाडाच्या सालीवर नागमोडी खाचा पाडत आणि थेंब थेंब रस साठवत. ठेकेदार त्यांना हंगामापूर्वी पैसे देई आणि मजूर ते फेडत फेडत पुढच्या हंगामात अडके. या उचलीला स्पॅनिशमध्ये एन्गांचे म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ गळाला अडकवणे. डहाणू-तलासरीच्या म्हाताऱ्यांना हा गळ ओळखीचा वाटेल. इथे त्याचे नाव होते लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर राबून ते फेडायचे. फेड कधी संपली हे सावकारच ठरवणार. दोन समुद्रांपलीकडचे दोन मुलूख, एकच झाड आणि कर्जाने माणूस बांधण्याची एकच रीत.

तलासरी-डहाणूच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेली मुले-मुली हल्ली विचारतात, 'आंतरराष्ट्रीय विकास' या विषयात एम.ए. असते म्हणजे नेमके काय असते? त्यात राजकारण असते, लॅटिन अमेरिका असते, लॅटिनो संस्कृती असते, त्याचा आपल्याशी काय संबंध? माझे उत्तर चिकूपासून सुरू होते, कारण मला जे सांगायचे आहे ते असे: या विद्याशाखेला आपल्या मुलखाने नुसता अभ्यासाचा विषय पुरवलेला नाही, तिच्या अभ्यासाच्या रीतीतही इथली भर आहे. इथल्या विद्यार्थ्याने त्या वर्गात पाहुण्यासारखे बसण्याचे कारण नाही.

आधी विद्याशाखेविषयी थोडे. जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या भाषणात जगातल्या 'अविकसित' प्रदेशांना मदत करण्याचा कार्यक्रम मांडला आणि एका शब्दात जगाचे दोन भाग झाले. मदत कशी द्यायची हे शिकवणाऱ्या संस्था निघाल्या. हेगची सामाजिक अभ्यास संस्था १९५२ ची, ससेक्सची विकास अभ्यास संस्था १९६६ ची. सुरुवातीच्या शिकवणीचा गाभा सोपा होता: धरणे, रस्ते, कारखाने, सुधारित बियाणे, शाळा आणा, म्हणजे मागचे देश पुढच्यांना गाठतील.

याला पहिला मोठा आक्षेप आला तो लॅटिन अमेरिकेतून. संयुक्त राष्ट्रांचा त्या खंडासाठीचा आर्थिक आयोग १९४८ साली चिलीतल्या सांतियागो इथे सुरू झाला. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी तिथे मांडले की कच्चा माल विकणारा देश आणि कारखान्यातला माल विकणारा देश यांच्यातला व्यापार बरोबरीचा नसतो, कारण काळाच्या ओघात कच्च्या मालाचे भाव तुलनेने घसरत जातात. पुढच्या पिढीने याच धाग्यावर 'अवलंबित्वा'चा सिद्धांत विणला: गरीब देश मागे 'राहिलेले' नाहीत, त्यांना एका जागतिक व्यवस्थेने मागे 'ठेवलेले' आहे. दादाभाई नवरोजींचा संपत्ती-वहनाचा सिद्धांत वाचलेल्या मराठी वाचकाला हे ऐकताना आपलेच कोणी बोलत असल्यासारखे वाटेल. घोलवडच्या बागाईतदाराला तर पुस्तकाचीही गरज नाही. थोड्याच दिवसांत पिकून जाणारे फळ घेऊन घाऊक बाजारात उभ्या असलेल्या माणसाला भाव कोण ठरवते हे ठाऊक असते.

लॅटिनो संस्कृतीचा अभ्यास ही याच कुळातली पण वेगळी शाखा. लॅटिन अमेरिका हा खंडाचा मुलूख, तर लॅटिनो म्हणजे त्या मुलखातून आलेले, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणारे लोक. २०२० च्या तिथल्या जनगणनेत ते ६ कोटी २१ लाख भरले. १९६८-६९ च्या विद्यार्थी आंदोलनांतून कॅलिफोर्नियात या अभ्यासाचे विभाग सुरू झाले. ते विद्यापीठांनी आपणहून दिलेले नव्हते. शेतमजुरांच्या मुलांनी 'आमच्या आजीची गोष्ट अभ्यासक्रमात का नाही' असे विचारून ते मिळवले. त्या शेतमजुरांचे नेते सेसार चावेस यांनी १९६८ साली पंचवीस दिवसांचा उपास केला, तेव्हा त्यांच्यापुढे गांधीजींचे उदाहरण होते.

भारत आणि लॅटिन अमेरिका या दोन जगांत येजा करणारा एक मराठी माणूस तर शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आणि आपण त्याला फारच कमी आठवतो. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले. इंग्रजांच्या राज्यात परतणे अशक्य झाल्यावर १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. त्यांनी मक्याच्या जातींवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील चित्रात खानखोज्यांना रंगवले आहे, सगळ्यांसाठी भाकर मोडणारा माणूस म्हणून. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. मेक्सिकोत तेव्हा क्रांतीनंतर जमिनीचे वाटप चालू होते. १९१७ च्या राज्यघटनेने कर्जाची वेठ मोडली होती आणि गावांना सामाईक जमीन देण्याची वाट उघडली होती. खानखोजे त्या शेतकऱ्यांना बियाणे निवडायला शिकवत होते तेव्हा इकडे ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींची जमीन सावकारांच्या नावावर चढत होती.

आता इकडे येऊ. या मुलखाचा अभ्यास बराच जुना आहे. १९३९ साली सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातल्या आदिवासींची वेठ, सावकारी आणि जंगलखात्याचा जाच त्यात सरकारी भाषेत पण स्पष्टपणे नोंदलेला आहे. १९४५ साली के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे पुस्तक निघाले. दोन्ही आजही वाचण्याजोगी. पण दोन्हींत वारली हा ज्याच्याविषयी लिहायचे तो माणूस आहे. त्याने स्वतः काही ठरवल्याची गोष्ट तिथे नाही.

ती गोष्ट त्याच १९४५ साली घडली. २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे किसान सभेचा लाल बावटा घेऊन आले होते. वेठ करायची नाही, बारा आणे रोख रोज मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर पाय ठेवायचा नाही, असे ठरले आणि माणसे घरोघर जाऊन लग्नगड्यांना सोडवू लागली. पुढे पाचशे पौंड गवत कापण्यामागे अडीच रुपये हा दर मागून संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. डहाणू-तलासरीत वेठ मात्र पूर्वीसारखी परत आली नाही.

गोदावरीबाई पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. त्यांनी हा अनुभव पुढे लिहिला आणि पुस्तकाला नाव दिले 'जेव्हा माणूस जागा होतो'. ते १९७० साली प्रसिद्ध झाले, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मला नेहमी थबकायला लावते ती पुढची गोष्ट. त्याच १९७० साली ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांचे 'पीडितांचे शिक्षणशास्त्र' इंग्रजीत आले आणि जगभर पसरले. त्या पुस्तकाच्या मध्यभागी एक पोर्तुगीज शब्द आहे, ज्याचे भाषांतर करताना इंग्रजीची दमछाक होते: कोन्सिएंतिझासाउं. आपल्या परिस्थितीची कारणे कळणे आणि ती बदलता येते हे कळणे, हे दोन्ही त्यात एकदम येते. मराठीत त्याला जड शब्द घडवायची गरज नाही. जाग. गोदावरीबाईंनी तो मुखपृष्ठावरच लिहून ठेवला होता, फ्रेरे यांच्या पुस्तकावर न विसंबता, झरीतल्या माणसांकडे पाहून.

फ्रेरे रेसिफेचे. १९६३ साली ब्राझीलच्या ईशान्येकडच्या आंजिकोस गावात त्यांच्या गटाने सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवले. अ-आ-इ पासून सुरुवात नाही. आधी लोकांशी गप्पा मारून त्यांच्या जगण्यातले वजनदार शब्द शोधायचे. 'वीट' हा त्यातला एक. विटेचे चित्र दाखवायचे, वीट कोण बनवतो, घर कोणाचे होते यावर बोलायचे, मग तो शब्द फोडून अक्षरे शिकवायची. तलासरीत अशी यादी कोणी केली तर 'प्लॉट', 'खावटी', 'उचल', 'दाखला' हे शब्द वर येतील. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे यांना तुरुंगात टाकले, मग देश सोडावा लागला. पुस्तक त्यांनी चिलीत लिहिले.

त्याच सुमारास लॅटिन अमेरिकेतल्या कॅथलिक धर्मगुरूंमध्ये मोठी उलथापालथ चालू होती. १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयीन इथे बिशपांची परिषद झाली आणि चर्चने गरिबांच्या बाजूने उभे राहावे ही मागणी तिथे जोराने पुढे आली. १९७१ साली पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेस यांचे मुक्तीच्या धर्मशास्त्रावरचे पुस्तक निघाले. जेसुइट संघानेही १९७५ साली श्रद्धा आणि न्याय यांची सांगड घालणारा ठराव केला. या लाटेचे पाणी डहाणूपर्यंत आले. प्रदीप प्रभू आणि त्यांचे काही सहकारी जेसुइट परंपरेतून आलेले. त्यांनी १९७८ साली इथल्या आदिवासींबरोबर कष्टकरी संघटना उभी केली, ती मिशनच्या चौकटीबाहेर. धर्मांतराचा नव्हे, जंगलजमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न घेऊन. किसान सभेमागचा मार्क्सवादी पक्ष आणि ही संघटना यांच्यात एकाच माणसांवरून, एकाच पाड्यांवरून तीव्र संघर्ष झाले. तोही इथल्या विकासाच्या राजकारणाचा भाग आहे आणि अभ्यासकाने तो टाळू नये. बावट्याची जाग आणि फ्रेरे यांची जाग यांत फरक कोणता, पुढे नेणारा पक्ष हवा की लोकांनी स्वतःच वाट काढायची, हा प्रश्न ब्राझीलच्या साओ पावलोतही याच तीव्रतेने लढला गेला.

खाली, पालघर तालुक्यात, तिसरी धारा होती. काळूराम धोदडे यांची भूमिसेना. सावकारांकडे गेलेली जमीन आणि वेठबिगार हे तिचे प्रश्न. १९७४-७५ च्या कायद्यांनी आदिवासींची जमीन परत देण्याची तरतूद केली होती आणि ती अमलात आणायला भूमिसेनेने गावोगावी तरुणांची मंडळे आणि शिबिरे चालवली. काय झाले, का झाले, आता काय करायचे, याचा विचार लोक एकत्र बसून करत. १९७९ साली चार अभ्यासकांनी या चळवळीवर लिहिलेला दीर्घ अभ्यास स्वीडनमधल्या उप्सालाहून निघणाऱ्या एका नियतकालिकात आला. त्या चौघांतले एक बांगलादेशचे अर्थतज्ज्ञ अनिसुर रहमान. हार्वर्डमध्ये शिकलेल्या या गणिती अर्थशास्त्रज्ञाने पालघरच्या आदिवासींना स्वतःच्या परिस्थितीचा अभ्यास करताना पाहिले आणि पुढची अनेक वर्षे तोच विषय धरला. पुढे कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्यासह त्यांनी १९९१ साली 'सहभागी कृती-संशोधना'वर ग्रंथ संपादित केला. आज विकास-अभ्यासाच्या वर्गांत ही पद्धत शिकवली जाते: ज्यांचा प्रश्न आहे त्यांनीच तो अभ्यासायचा, बाहेरच्याने सोबत बसायचे. तिच्या मुळांपैकी एक मूळ मनोर-पालघरच्या पाड्यांत आहे आणि दुसरे कोलंबियाच्या किनाऱ्यावर. मी म्हटले की रीतीतही आपली भर आहे, ती ही.

लोकांच्या स्वतःच्या माहितीला मान देण्याची ही रीत कायद्यातही दिसते. जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीकडे कागद नसतो. कागद देणारेच त्याला अतिक्रमणदार म्हणत आलेले. प्रदीप प्रभू यांच्या नावाचा खटला याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत आता पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन चालते. दावेदाराने स्वतःचे नव्हे, दुसऱ्या वृद्धाचे. आजीच्या आठवणीला कायद्याने किंमत दिली, ही छोटी गोष्ट नाही.

याच्या शेजारी लॅटिन अमेरिका ठेवून पाहावी. आदिवासींच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार आहे. तो मान्य करणाऱ्या देशांत बहुसंख्य लॅटिन अमेरिकेतले आहेत, मेक्सिकोने तर १९९० सालीच मान्य केला. भारताने १९५७ चा जुना करार स्वीकारला, हा नवा नाही. नव्या करारात प्रकल्पापूर्वी संमती मिळवण्याच्या हेतूने सल्लामसलत करावी असे आहे. आपल्याकडे १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत सांगतो. डहाणू आणि तलासरी दोन्ही या क्षेत्रात येतात. 'विचारले' आणि 'होकार घेतला' यांत किती अंतर आहे, हे बुलेट ट्रेन आणि द्रुतगती महामार्ग ज्या पाड्यांतून गेले त्यांना विचारावे. आणि करार मान्य केलेल्या पेरू किंवा ग्वाटेमालात हे अंतर खरोखर कमी झाले का, हेही तपासावे. कायदा चांगला म्हणून प्रश्न सुटला असे तिकडेही नाही. होंडुरासमध्ये नदीवरच्या धरणाला विरोध करणाऱ्या बेर्ता कासेरेस यांना मार्च २०१६ मध्ये त्यांच्या घरात मारले गेले. होंडुरासने तो करार त्याच्या कितीतरी आधी स्वीकारला होता.

प्रबंधाचा विषय शोधणाऱ्याला मी एक जोडी सुचवतो: वाढवण आणि चांकाय. जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले आणि १९९८ साली त्याने वाढवणच्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने धर्माधिकारींच्या पश्चात, जुलै २०२३ मध्ये, परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात भराव सुमारे १,४४८ हेक्टर. मच्छीमारांचा विरोध आजही आहे, वरोर-वाढवणच्या डायमेकिंगच्या, म्हणजे साचे घडवणाऱ्या, कारागिरांचाही. पायाभरणीनंतर अडीच महिन्यांनी, १४ नोव्हेंबर २०२४ रोजी, पेरूत लिमाच्या उत्तरेला चांकायच्या प्रचंड बंदराचे उद्घाटन झाले. तिथे साठ टक्के मालकी चिनी सरकारी कंपनीची, इथे बंदर भारताच्याच सार्वजनिक संस्थांचे. तिथेही महानगराच्या उत्तरेचा किनारा, तिथेही मच्छीमारांची तक्रार. मालकी बदलल्याने नौकानयनाच्या वाटेत आलेल्या जाळ्याचे नशीब बदलते का? हे कोणी बाहेरून येऊन शोधण्यापेक्षा चिंचणीच्या किंवा झाईच्या मुलाने शोधले तर त्याला कोणता प्रश्न आधी विचारायचा ते ठाऊक असेल.

वाटा अवघड आहेत, पण बंद नाहीत. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत विकास-अभ्यास शिकवला जातो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज आणि लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासाचे केंद्र आहे. परदेशी जायचे तर केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा वर्षाला फक्त वीस, त्यांतल्या तीन कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल जमातींसाठी. देशभराच्या आदिवासी विद्यार्थ्यांना वीस ही संख्या मला लाजिरवाणी वाटते. राज्य सरकारच्या आदिवासी विकास विभागाचीही वेगळी योजना आहे. भाषेची भीती मात्र अनाठायी आहे. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि गाडीत हिंदी बोलणाऱ्या तलासरीच्या मुलीला स्पॅनिश ही पाचवी किंवा सहावी भाषा.

विकास-अभ्यासाच्या वर्गांत ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांचे १९८३ चे आत्मकथन हमखास वाचायला लावतात. माया समाजातली ही बाई बोलली, दुसरीने लिहून घेतले. लॅटिन अमेरिकेत या प्रकाराला तेस्तिमोनिओ म्हणतात, साक्ष. पुढे त्यातल्या काही तपशिलांवर आक्षेप आले आणि साक्ष एका माणसाची की साऱ्या गावाची, यावर मोठा वाद झाला. झरीच्या परिषदेची बहुतेक माहिती आपल्याला गोदावरीबाईंच्या लेखणीतून मिळते. ती मोलाची आहे, पण ती बाहेरून आलेल्या, लोकांत मिसळलेल्या कार्यकर्तीची आहे. त्या दिवशी गर्दीत बसलेल्यांची साक्ष बहुतेक न लिहिता गेली. १९४५ साली जे दहा वर्षांचे होते ते आता नव्वदीत आहेत. १० ऑक्टोबरला हुतात्म्यांच्या स्मरणाला त्यांतले कोणी अजून येत असतील. त्यांच्याजवळ वारलीत बोलू शकणारे कोणी बसावे, फोन रेकॉर्डिंगवर ठेवून, आणि विचारावे की झरीला कुठल्या वाटेने गेलात, बरोबर कोण होते, वाटेतली भाकर कोणी बांधून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा माणूस बोलवायला आला तेव्हा घरात कोण काय म्हणाले.